तिसरी प्रत

"तिसरी प्रत कुठंय?" मी विचारलं.

नरसय्यानं टेबलावरचे दोन्ही फॉर्म उचलले, एकाखालून एक काढून पाहिले, उलटे करून पाहिले आणि तिसरा अंगालाच चिकटून राहिलाय की काय अशा शंकेनं सदऱ्याची बाही झटकली.

"दोनच हायेत की ओ, सायेब."

"तीन लागतात. एक मुंबईला जाते, एक त्याहून वर जाते, एक इथं राहते."

"मुंबईच्या वर कोण असतंय?"

"ते आम्हालाही सांगत नाहीत."

तो हसला. हसला की त्याच्या पांढऱ्या मिशा दोन्हीकडे सारख्या पसरत. एरवी डावी बाजू जरा खाली असे. शुक्रवार होता, १९९१ सालचा अठ्ठावीस जून, दुपारचे सव्वाबारा. फॉर्म छापील लागायचा, तो सोलापुरात नवी पेठेतल्या एकाच दुकानात मिळायचा, आणि दुकानदाराच्या घरी बारसं असल्यामुळे दुकानाला त्या दिवशी कुलूप होतं. नरसय्या येताना ते पाहूनच आला होता.

"मग आता सोमवारीच," मी म्हणालो. "शनिवारी परदेशी चलनाचं काम नसतं."

"आज झालं असतं तर बरं हुतं. पोरगी सकाळपास्नं नारळ घिऊन बसलीया." त्यानं फॉर्मची घडी केली. "पण सोमवार तर सोमवार. पैसे खात्यात हायेत, यंत्र मुंबईच्या बंदरात हाय, आन् तुमी हितं हाय. कोण पळून जातंय?"

"कोणी नाही," मी म्हणालो आणि शिपाई रसूलभाईंना दोन चहा सांगितले.

नरसय्या इराबत्ती हा बटणं बनवायचा. शर्टाची, साधी, चार भोकांची. अक्कलकोट रस्त्यावर त्याची पत्र्याची शेड होती. तिच्या एका भागात वडलांच्या वेळचे सहा यंत्रमाग आणि दुसऱ्या भागात हातानं दाबायची भोकं पाडायची अकरा यंत्रं, त्यावर अकरा बायका. मागांवर घर चालायचं आणि बटणांवर नरसय्याचा जीव. मुंबईच्या एका शर्ट कंपनीनं त्याला सांगितलं होतं की बटण चांगलं आहे, पण शंभरातल्या दहांची भोकं तिरकी येतात; एकसारखा माल दसऱ्यापर्यंत देत असाल तर वर्षभराची ऑर्डर तुमची. एकसारखा माल हातानं निघत नाही. त्याला इटलीतलं यंत्र लागतं. एका बाजूनं चकत्या ओतायच्या, दुसऱ्या बाजूनं बटणं घ्यायची.

ते यंत्र, जुनं पण चालू, नरसय्यानं मागवलं होतं. किंमत तीन कोटी लिरा.

हा आकडा गल्लीत पसरला तेव्हा लोक त्याच्या घराकडे वळून बघायला लागले. त्या काळी एका रुपयाला साठेक लिरा यायचे, म्हणजे तीन कोटींचे पाचेक लाख. पण हा भागाकार करायला गल्लीत कोणी तयार नव्हतं. नरसय्यालाही घाई नव्हती. "ऱ्हाऊ द्या की," तो म्हणायचा. "जन्मात एकदा कोटीत बोलायला मिळतंय."

पाच लाख मात्र खरे होते आणि ते उभे करायला त्यानं सहाच्या सहा माग विकले होते. व्यवहार साधा होता. कागद इटलीच्या बँकेकडून माझ्याकडे आलेले. त्यानं लिरा भरायचे, मी कागद द्यायचे, कागद दाखवून त्यानं बंदरातून यंत्र सोडवायचं. लिऱ्याचा दर, ज्या दिवशी भरेल त्या दिवशीचा.

आता माझ्याविषयी. मी बँकेचा परकीय चलन विभाग होतो. विभागात होतो असं नव्हे; विभागात दुसरं कोणी नव्हतंच. पहिल्या मजल्यावर कोपऱ्यात एक टेबल, एक टेलेक्स यंत्र, एक फळा. सोलापूरहून टॉवेल परदेशी जातात म्हणून वरिष्ठांनी तिथं विभाग उघडला. टॉवेलवाल्यांचे बहुतेक व्यवहार मुंबईला होत, हे त्यांना विभाग उघडल्यावर समजलं. मग तो चालवायला माणूस हवा होता. माझी बायको वारल्याला तेव्हा सहा महिने झाले होते. जनरल मॅनेजरांनी मला बोलावून सांगितलं, "टिपणीस, जागा बदलली की मन रमतं." त्यांची स्वतःची पत्नी धडधाकट असल्यामुळे त्यांना या विषयाची चांगली जाण होती.

रोज सकाळी टेलेक्सवर दर यायचे. ते मी फळ्यावर खडूनं लिहायचो आणि रसूलभाई तो फळा खाली दारापाशी नेऊन ठेवायचे. डॉलर, पौंड, मार्क, येन, लिरा. लोक थांबून वाचायचे, याचा मला सुरुवातीला फार आनंद झाला. नंतर कळलं की ते डॉलरच्या शेवटच्या आकड्यावरून मटका लावतात. एकदा मुंबईहून दर यायला उशीर झाला तर एक गृहस्थ वर येऊन म्हणाले, "साहेब, आम्ही तुमच्या भरवशावर आहोत." त्या शहरात माझ्या कामाची कोणी केलेली ती पहिली दखल.

बाकी काही नव्हतं. रेल्वे लाइन्समध्ये एक खोली, दोन वेळची खानावळ. रविवारीही मी बँकेत जाऊन बसायचो. रखवालदाराला वाटायचं, साहेब फार कामसू आहेत.

अशात एके दिवशी नरसय्या जिना चढून आला. हातात इटलीचं एक माहितीपत्रक आणि खिशात मूठभर बटणं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, इटलीच्या मालकाला मराठी येत नव्हतं, आणि मला काम नव्हतं. दोन वर्षं तो येत राहिला. कधी परवान्यासाठी, कधी पत्राचं उत्तर लिहून घ्यायला, कधी उत्तर आलं नाही म्हणून. साडेअकराला यायचा, समोरच्या खुर्चीत बसायचा, चहा घ्यायचा. सूत, गावातली लग्नं, तेलुगूत मराठीची आणि मराठीत तेलुगूची होणारी मोडतोड, कुठल्या पुढाऱ्याच्या शर्टाला कुठली बटणं, असं काहीही बोलायचा. माणसाकडे बघायच्या आधी तो त्याच्या बटणांकडे बघायचा.

माझ्या एका शर्टाचं वरून तिसरं बटण वेगळं होतं. तुटलं तेव्हा घरात जे सापडलं ते मी टाचलं होतं. त्यानं ते पहिल्याच दिवशी पाहिलं असणार. बोलला काही नाही. दुसऱ्या दिवशी कागदाची पुडी टेबलावर ठेवली. आत सात बटणं, त्याच रंगाची, एकसारखी. सुई-दोरासुद्धा.

"सात कशाला?" मी विचारलं. "एकच वेगळंय."

"एकटं नवं बटण वेगळं दिसतंय ओ. बदलायचं तर सगळी बदलायची."

त्या रात्री खोलीवर मी सातही बटणं टाचली. फार दिवसांनी संध्याकाळी करायला काही होतं.

सोमवारी एक जुलैला तो साडेदहालाच आला. परीटघडीचा सदरा, कपाळाला कुंकू, बरोबर मुलगी. पद्मा चोविसेक वर्षांची होती. शेडवर बायकांच्या कामाकडे तीच बघायची. बापाला ती नायना म्हणायची. तिच्या हातातल्या पिशवीत नारळ असावा.

"तिसरी प्रत," नरसय्या म्हणाला आणि फॉर्म माझ्यापुढे मांडले. "चौथी पण आणलीया. मुंबईच्या वरच्यांच्या वर कोण असलं तर."

मी तिन्ही प्रती पाहिल्या. चोख होत्या. "दर आला की करतो. टेलेक्स अजून गप्प आहे."

पाऊण तास ते यंत्र गप्प राहिलं. मग खडखडलं. मुंबईहून संदेश होता की पुढील सूचनेपर्यंत परकीय चलनाची विक्री थांबवावी. दुपारी साडेबाराला पुन्हा खडखडलं आणि नवे दर आले. मी ते फळ्यावर लिहायला घेतले आणि डॉलरपाशीच खडू थांबला. मला वाटलं, टाइप करणाऱ्याची चूक आहे. मी मुंबईला फोन लावला. पलीकडचा म्हणाला, "चूक नाही हो. सरकारनं रुपया खाली आणलाय. सगळ्यांपुढेच."

"म्हणजे किती?" पद्मानं विचारलं.

"सुमारे दहा टक्के जास्त लागतील."

"म्हंजे पन्नास हजार," ती लगेच म्हणाली. गल्लीत न झालेला भागाकार तिनं कधीच करून ठेवला होता.

नरसय्या काही वेळ फळ्याकडे बघत राहिला. "कुणी केलं म्हणालात?"

"सरकारनं."

"कशापायी?"

"देशाकडे परदेशी चलन उरलं नाहीये. रुपया स्वस्त केला की आपला माल बाहेरच्यांना स्वस्त पडतो, मग ते जास्त घेतात. बाहेरचा माल आपल्याला महाग पडतो, मग आपण कमी घेतो. असं करत करत देशाची वाढ होते."

"बरोबर हाय," नरसय्या विचार करून म्हणाला. "सूत सवंग झालं की कापड खपतंय. तसंच की." आणि मग, "पन मी बाहेरनं कमी घेत न्हाई. मी एकच घेतोय."

"नायना," पद्मा म्हणाली, "आजच भरू. मामाकडं पन्नास हजार हायेत, मला म्हाईत हाय. मी जाऊन आणते. तीन वाजेपर्यंत येते."

"थांब गं. तुला सुताचा बाजार ठावं न्हाई." त्यानं हात वर केला. सोलापुरात सुताच्या बाजारात वाढलेला कोणताही माणूस तेच बोलला असता. "दर एकदम चढला की त्या दिवशी हात लावायचा न्हाई. घाबरलेला घेतो, म्हणून आनखी चढतो. दोन दिवस हात आखडायचा. तिसऱ्या दिवशी आपसूक उतरतोय. माझ्या बापानं चाळीस वर्षं असंच सूत घेतलं."

"हे सूत न्हाई, नायना."

"दर तो दर. काय ओ, सायेब?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. बँकेच्या अधिकाऱ्यानं दराविषयी ग्राहकाला मत देऊ नये, असा एक नियम आहे. एरवी मला तो नियम आठवायचाही नाही. त्या दिवशी आठवला.

"बँकेला मत नसतं," मी म्हणालो.

"बघ," नरसय्या मुलीला म्हणाला. "ते पण न्हाई म्हणत न्हाईत."

पद्मा पिशवी उचलून खाली गेली. नरसय्या थांबला. चहा घेतला. त्या दिवशी तो सुताबद्दलच बोलत होता, जरा मोठ्यानं.

बुधवारी सरकारनं रुपया पुन्हा खाली आणला. सोमवारचं पाऊल चाचपणीचं होतं आणि बुधवारचं ठरवून, असं नंतर वर्तमानपत्रांत आलं. दोन्ही मिळून नरसय्याच्या तीन कोटी लिऱ्यांना आता लाखाच्या जवळपास जास्त लागणार होते. मामाकडे पन्नास हजार होते. त्याच्यापुढे मामा नव्हते.

आकडा मी त्याला कागदावर लिहून दिला. तोंडानं सांगायचं धैर्य नव्हतं. तो कागद त्यानं हातात धरला होता, इतक्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि टॉवेलवाले गड्डमशेठ पेढ्यांचा पुडा घेऊन वर आले. महिन्यातून एकदा येणारं ते माझं दुसरं आणि शेवटचं गिऱ्हाईक.

"टिपणीस साहेब, तोंड गोड करा!" गड्डमशेठ म्हणाले. "काल तिकडं जर्मनीला टॉवेल चढवले, आज बसल्याजागी पाचव्या हिश्श्यानं वाढले! आता एक शिफ्ट वाढवतो बघा. तीस माणसं लावतो. घ्या, घ्या. अरे, नरसय्या! तू पण घे की बे. तोंड का असं केलास?"

नरसय्यानं कागदाची घडी खिशात घातली आणि पेढा घेतला. सबंध खाल्ला. "चांगला हाय," म्हणाला. "कुठला?"

"दत्त चौकातला."

"तीस माणसं लावतोस?"

"तीस काय, चाळीस लावीन."

"लाव की बाबा. चांगलं हाय." गड्डमशेठ जिना उतरून गेले. मग नरसय्यानं शांतपणे विचारलं, "सायेब, ते देशाची वाढ हुनार म्हणालात, ती ह्याची का?"

"हो. अशीच."

"मग खरी हाय तर." त्यानं मिशीला लागलेला पेढा पुसला. "मला वाटलं, उगंच म्हणत्यात."

पुढे निवृत्त झाल्यावर पुण्यात एका चर्चासत्रात मला मागच्या रांगेत बसवलं होतं. विनिमय दरातले चढउतार आणि विकसनशील देशांची आर्थिक वाढ, असा विषय होता. एका तरुण प्राध्यापकानं पडद्यावर एक रेष दाखवली. चलन घसरलं की रेष आधी थोडी खाली जाते आणि मग वर वर चढत जाते. खालच्या भागावर काठी टेकवून तो म्हणाला, "हा टप्पा तात्पुरता असतो." श्रोत्यांपैकी कोणी काही विचारलं नाही. मीही नाही. त्याचं गणित बरोबरच होतं. गड्डमशेठनी खरोखर चाळीस माणसं लावली होती.

नरसय्यानं प्रयत्न सोडला नाही. शेड गहाण ठेवायला गेला, तर शेडची जमीन तीन भावांच्या नावावर निघाली. शर्ट कंपनीकडे आगाऊ रक्कम मागितली, तर त्यांनी आधी बटणं मागितली. बंदरात यंत्राचं भाडं चढत होतं. इटलीच्या मालकाला मी चार पत्रं लिहिली. इंग्रजीत माझ्याच्यानं जितकं अजीजीनं लिहिता येईल तितकं. त्यानं उत्तरात सहानुभूती कळवली. दसरा जवळ आला तशी शर्ट कंपनीनं दुसरीकडे सोय केली. अकरा बायकांपैकी सहा गड्डमशेठच्या टॉवेलांवर गेल्या. ऑर्डर मिळेल या आशेवर त्या तोवर थांबल्या होत्या. माग विकले होते ते परत घ्यावेत तर त्यांची किंमतही चढलेली. शेडच्या त्या भागात फरशीवर मागांच्या पायांचे चोवीस खड्डे तेवढे राहिले.

आणि नरसय्या रोज येत होता. पूर्वी आठवड्यातून तीनदा-चारदा यायचा. आता रोज, साडेअकराला. शेडवर त्याला करण्यासारखं फार उरलं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी इटलीच्या बँकेनं कागद परत मागवले. त्यासाठी ग्राहकाची संमती लागायची. नरसय्याला ताप होता म्हणून पद्मा आली, बापाची सही घेतलेलं पत्र घेऊन.

"याच्याबरोबर तोच फॉर्म लागेल, तीन प्रतींत," मी म्हणालो. "पण तो—"

"नवी पेठेत मिळतोय. म्हाईत हाय." ती उठली.

"अरे, किधर जाती हो, बेटी?" रसूलभाई चहा ठेवता ठेवता म्हणाले. भला माणूस. "साब के ड्रॉवर में गठ्ठा पडा है." आणि माझ्या हाताखालून खण ओढून त्यांनी फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. दोऱ्यानं बांधलेला, पिवळसर, जाड. तीन फॉर्म काढून तिच्या हातात दिले आणि कप उचलून निघून गेले.

पद्मानं फॉर्म पाहिले. मग गठ्ठा पाहिला. त्याच्यावर बसलेली धूळ पाहिली.

"हे त्या शुक्रवारी हुते?"

खोटं बोलायला जागा होती. नवे आलेत, असं म्हणता आलं असतं. धूळ नसती तर कदाचित म्हटलंही असतं.

"होते," मी म्हणालो.

"खणात?"

"खणात."

"मग दिला का न्हाईत?"

त्या शुक्रवारी सव्वाबाराला माझ्या समोर दोन फॉर्म होते, मांडीपाशी खणात शंभरेक होते आणि तीन ओळी भरायला पाच मिनिटं लागली असती. दर फळ्यावर होता. जुना. तेवढं करून मी कागद त्याच्या हातात दिले असते की काम संपलं. दोन वर्षांचं काम. मग बटणवाल्याला पहिल्या मजल्यावरच्या परकीय चलन विभागात यायचं काय कारण होतं? यंत्र आल्यावर तर त्याला मान वर करायला फुरसत मिळणार नव्हती. पुढे शनिवार होता आणि रविवार. सोमवारी साडेअकराला कोणीतरी नक्की येणार आहे, एवढं शिल्लक ठेवून मला घरी जायचं होतं. तीन दिवसांचाच प्रश्न होता. लिरा काही पळून जात नव्हता.

हे मी तिला असंच्या असं सांगितलं नाही. म्हणालो, "नरसय्या सोमवारी पुन्हा आले असते. म्हणून."

तिला कळायला क्षणभर लागला.

"चहाला?"

"हो."

ती ओरडेल असं मला वाटलं. ओरडावं असंही वाटलं. ती खुर्चीत मागे टेकली आणि माझ्याकडे, मग बापाच्या त्या खुर्चीच्या हाताकडे बघत राहिली.

"आजच सांगतो त्यांना," मी म्हणालो. "घरी येऊन सांगतो. बँकेतही लेखी देतो, जे होईल ते होईल."

"नको."

"का?"

"नायना शुक्रवारचं बोलतच न्हाईत. सोमवारचं बोलत्यात. मामाचे पैसे घ्यायला नको म्हणालो, पोरीचं ऐकलं न्हाई, आपलं चुकलं, असं म्हणत्यात. रोज म्हणत्यात. ते त्यांना झेपलंय." ती फॉर्म भरायला लागली. अक्षर बारीक आणि सरळ होतं. "माग विकले तवा गल्लीतले हसले. आता कोण दारात उभं करत न्हाई. तीन कोटीचं काय झालं, म्हणून विचारत्यात. दिवसातनं एक अर्धा तास माणूस हिथं येऊन बसतोय आन् माणसासारखा परत येतोय. तुमी सांगितलंत की हे पण गेलं. मग ते कुठं जाणार?"

"पण मला—"

"तुमाला हलकं वाटंल," पद्मा म्हणाली. "ते मला कळतंय."

तिनं तिन्ही प्रती भरल्या. मी शिक्के मारले. कागद लिफाफ्यात घातले, लाखेनं बंद केले. ती जिन्याकडे निघाली तेव्हा मी विचारलं, "मग मी काय करू?"

"चहा पाजा की," ती म्हणाली आणि खाली गेली.

दोन दिवसांनी ताप उतरल्यावर नरसय्या आला. जिना चढून दम लागला होता. कागद गेले हे त्याला ठाऊक होतं. म्हणाला, "सायेब, तुमी लई पत्रं लिवलीत माझ्यासाठी. वाईट वाटून घिऊ नका. तुमची काय चूक न्हाई त्यात." आणि चहासाठी त्यानंच रसूलभाईंना हाक मारली.

जानेवारीत माझ्या बदलीचा हुकूम आला. मुंबई, फोर्ट, वरची जागा. दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच अर्ज केला होता आणि विसरून गेलो होतो. मी तो हुकूम नम्रपणे परत केला. जनरल मॅनेजरांनी फोनवर विचारलं, "काय हो, मन रमलं वाटतं?" मी हो म्हणालो. त्यांचा सल्ला लागू पडल्याचं त्यांना फार समाधान झालं. पुढची सहा वर्षं मी त्याच टेबलावर होतो. नरसय्या जिना चढू शकत होता तोवर.

ही बातमी त्याला रसूलभाईंकडून कळली. दुसऱ्याच दिवशी तो मला हाताला धरून शेडवर घेऊन गेला. दोन वर्षांत मी तिथं कधी गेलो नव्हतो. पाच बायका यंत्रं दाबत होत्या. पद्मा खिडकीपाशी पाटावर बसून सुपातली बटणं निवडत होती. चांगली एका बाजूला, तिरक्या भोकांची दुसऱ्या बाजूला.

"ए, थांबवा जरा," नरसय्या बायकांना म्हणाला. "हे टिपणीस सायेब. मुंबईला मोठी जागा दिली हुती बँकेनं. न्हाई म्हणाले. का? तर सोलापुरात नरसय्या हाय म्हणून. माझ्यासाठी मुंबई सोडली ओ ह्या माणसानं!"

यंत्रं थांबली. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एकीनं पदर डोक्यावर घेतला. दुसरी म्हणाली, "असा माणूस मिळतोय व्हय आजकाल?" नरसय्याच्या मिशा दोन्हीकडे सारख्या पसरल्या होत्या.

"तसं काही नाही हो," मी म्हणालो.

ते खरं होतं. सगळ्यांनी तो विनय समजला. खिडकीपाशी सुपात बटणं खुळखुळत राहिली. पद्मानं मान वर केली नाही.